डाव्या हाताचा नमस्कार

६ एप्रिल, रविवार

सनी मेकॅनिक दोन तास जीपच्या तोंडात डोकं घालून उभा होता. एसी झाला नाही. बरं झालं.

हे मी फोनला सांगतेय. उन्नतीने पुण्याला हॉस्टेलवर जाताना शिकवलं — आजी, हे माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून घेतो, तारीखपण तोच टाकतो. मी म्हटलं, मला वाचता येत नाही, लिहून ठेवून करू काय? नात म्हणाली, कोणी वाचणार नाही म्हणून तर मोकळं बोल. शहाणी आहे. माझ्यावर गेली. मी ‘हाय’ म्हटलं की हा ‘आहे’ लिहितो म्हणे. कधी सुधारतो, कधी थकून तसंच ठेवतो. बहात्तर वर्षांत मला कोणी अक्षर शिकवू शकलं नाही, आणि हा न विचारता माझी भाषा धुतोय.

तर एसी. माझा म्हातारा गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून जीपचा एसी बंद आहे. वारा येतो, पण चुलीतून फुंकल्यासारखा. सगळे म्हणतात, बाबांच्या मागे एसीपण गेला.

आता गिऱ्हाईक म्हणून खारघरचा कोणी स्वानंद आहे. डोंगरात गाड्या घालायची हौस त्याला. जीप बघून लहान मुलासारखा हसला. पण म्हणाला, माझी आई बसणार आहे, एसी चालला पाहिजे. झाला की घेऊन जातो. माझ्या मुलाने, दिपेशने, शब्द दिला — महिन्याभरात करून ठेवतो.

म्हणजे एसी लागला की गाडी गेली. एवढा हिशोब मला न शिकता येतो.

८ एप्रिल, मंगळवार

सनी आला नाही. नवसाचा नारळ बोलावा का, हा विचार करतेय.

९ एप्रिल, बुधवार

सुचिता, माझी सून, वाईट नाही. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर हा फोन तिला खाष्ट लिहील. तिचं म्हणणं सरळ आहे. सोसायटीत एका घराला एक पार्किंग. तिथे जीप उभी. ती उरणच्या पतपेढीत नोकरीला, रोज स्कूटीवरून जाते, जासईच्या रस्त्याने, त्या ट्रेलरांच्या मधून. तिला छोटी गाडी घ्यायचीय. जागा झाली की गाडी येणार. खरं आहे. खोडून काढायला मला काही मिळत नाही.

पण ती जीप कशी आली ते तिला माहीत नाही. जासईला आमची शेतं बंदरासाठी गेली, तरी खाडीकडचा बांध आणि पलीकडचं मिठागर अजून होतं. बांधावर साधी गाडी रुतायची, म्हणून जीप. आणि बांधावर जायला एसी कशाला? अख्ख्या गावाने विचारलं. म्हातारा म्हणाला, हौस.

मग गाव लागलं मागे. हळद असो, साखरपुडा असो — कान्हा, जीप दे.

बघ, नाव घेतलं मी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे पन्नास वर्षं ‘अहो’ नाही आणि ‘अरे’ नाही, नुसतं ‘ऐकलं का’. आणि आज या काचेला सांगून मोकळी झाले.

तर लोक मागायचे, आणि हा द्यायचा. नाही कोणाला म्हटलं नाही. फक्त म्हणायचा, “ने. पन एसी बिगरलाय रं, काय करू.” आणि खरंच चालायचा नाही. माणसं घामाने निथळत गाडी परत आणून द्यायची. मी बसले की मात्र गव्हाण फाटा यायच्या आत गार. मी विचारलं, हा आता कसा चालतो? तर म्हणाला, “त्यो मानूस वलखतो, पुतले. त्याला बाईची पारख हाय.” पुतले मला म्हणायचा.

मी म्हटलं, तुला नाही ती यंत्राला कुठून आली?

पण खोटं कशाला बोलू. थोडं खरं वाटायचं. गावात माझी सासू मला ओळखत नव्हती, जावा ओळखत नव्हत्या, आणि गार वारा सोडणारी लोखंडाची एक जाळी मला ओळखते — कोणाला आवडणार नाही?

रोज चार वाजता खाली पार्किंगला जाते आणि डावीकडच्या माझ्या जागेवर बसते. चावी नसते, काही नसतं. जाळीवर तळहात ठेवून बसते. वॉचमन समजतो, म्हातारी वाऱ्याला बसली.

१३ एप्रिल, रविवार

सनी जासईचा. यार्डातले थंड कंटेनर दुरुस्त करतो, ज्यांतून कोळंबी परदेशात जाते. कोळंबीला गार ठेवतो, तर आजीच्या जीपला का नाही, असं दिपेशचं म्हणणं.

आज त्याने नळ्यांना दोन घड्याळं लावून बघितलं. “गॅस आहे आजी. कमी नाही.” मग साबणाचं पाणी ब्रशने सांध्यासांध्याला लावलं. फुगा आला तर गळती. एक फुगा आला नाही. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, सनी, मलाही दोन थेंब लाव, माझा गुडघा कुठून गळतो ते कळेल.

“तुमची गॅरंटी संपली आजी.”

मेला. पण चहा दिला त्याला.

मग पुढची जाळी धुतली, रेडिएटरच्या पुढ्यात असते ती. म्हणाला, हिच्यात माती भरली की गरम वारा बाहेर पडत नाही. पाण्याची धार मारली आणि काळी माती निघाली. निघतच राहिली. करड्या फरशीवर पसरली, चिकट, काळी. सनी म्हणाला, ही कुठली घाण?

मी ओळखली. खाडीची. आमच्या बांधाची.

तिथे आता चार मजले कंटेनर रचलेत. बांध कुठे होता ते दिपेशलापण बोट दाखवून सांगता येणार नाही, आणि तो तिथेच यार्डाच्या ऑफिसात बसतो. आणि इथे करंजाड्याच्या पार्किंगमध्ये बांधाची मूठभर माती गटाराकडे चाललेली. मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं, वाकले, एक गोळा उचलला.

तुळशीच्या कुंडीत ठेवलाय. खारी माती, तुळस मरेल. बघू कोण आधी हरतं.

जाळी धुऊनही एसी गरमच.

१६ एप्रिल, बुधवार

रात्री जेवताना सुचिता म्हणाली, “दुसरा मेकॅनिक बघा ना. पनवेलला एसीवाले किती आहेत.”

दिपेश म्हणाला, “सनी बघतोय. त्याला बघू दे.” भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही.

हा मुलगा लहानपणी खोटं बोलला की असाच भाकरी मोडायचा. पण आता काय खोटं बोलणार? विकायला तोच निघालाय.

२० एप्रिल, रविवार

आज कळलं दुखणं कुठे आहे. निदान अर्धं.

इंजिनाच्या बाजूला एक गोल यंत्र आहे, कॉम्प्रेसर. गार करण्याचं सगळं काम त्याचं. एसीचं बटण दाबलं की त्याच्याकडे करंट जातो, टक् वाजतं, आणि तो फिरायला लागतो. सनीने इंजिन बंद ठेवून बॅटरीवरून सरळ वायर लावली. टक् वाजलं. म्हणाला, “आजी, कॉम्प्रेसर जिवंत आहे. त्याला निरोपच पोचत नाही.”

मी म्हटलं, परत बोल.

“म्हणजे बटण दाबलं तरी करंट तिथवर जात नाही. मधे कुठेतरी तुटलंय.”

एवढं नीट मला माझं कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने एक लहान डबी बदलली, रिले म्हणतात. फरक नाही. मग म्हणाला, डॅशबोर्ड खोलून वायर बघतो. तर दिपेश वरून धावत आला, बनियनवरच. “डॅशबोर्डला हात लावू नको. प्लास्टिक जुनं आहे, चिरा जातील.” सनी म्हणाला, मग डायरेक्ट वायर टाकतो बाहेरून, दहा मिनिटांचं काम. तर तेही नको. “डायरेक्ट नको. उद्या आग लागली तर? गिऱ्हाइकाला फसवायचं नाही.”

सनी माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला.

मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार

तुळस अजून तग धरून आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मला जे कळलं ते कोणाला सांगायचं नाही. म्हणून तुला सांगते.

गुडघ्याच्या डॉक्टरकडे रिक्षाने गेले. रिक्षावाल्याने बसल्या बसल्या हँडलला उजवा हात लावला, कपाळाला लावला, मग रिक्षा चालू केली. सगळेच करतात. म्हातारापण करायचा. स्टीअरिंगला उजवा हात, कपाळाला. मग चावी.

पण तो अजून एक करायचा. इंजिन चालू झालं की डावा हात स्टीअरिंगच्या खाली न्यायचा, गुडघ्यापाशी, आणि तोच डावा हात कपाळाला लावायचा. दुसरा नमस्कार. आणि मी दर खेपेला चिडायचे. डाव्या हाताने देवाला नमस्कार करतात का कुठे? लोक बघतील तर काय म्हणतील? तर म्हणायचा, “ह्यो देव डावाच हाय गो.”

पावसात नाही करायचा. थंडीत नाही. मीच चेष्टा केलेली — तुझा हा देव फक्त उन्हाळ्यात जागा होतो वाटतं.

रिक्षात माझ्या अंगावर काटा आला. रिक्षावाला म्हणाला, “आजी, बरं वाटत नाही का?”

देव कसला तिथे. तिथे बटण आहे! गावाला गाडी देताना बंद करून द्यायचा, आणि मी बसले की चालू. आणि मला दिसू नये म्हणून वर नमस्कार. आयुष्यभर मी ज्या हाताला शिव्या घातल्या तो हात मला गार वारा देत होता.

दवाखान्यात गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरने दोनदा सांगितलं. एकदाही ऐकलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही. जाळीने मला कधीच ओळखलं नव्हतं. त्यानेच ओळखलं होतं. हे कळायला त्याला मरावं लागलं आणि मला रिक्षा करावी लागली.

आणि आता सांगावं तर गाडी जाते. न सांगावं तर सुनेशी लबाडी.

२७ एप्रिल, रविवार

सनी आला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, एसीचं बटण दाबून ठेवलं, आणि हातात एक दिवा लावलेली सुई घेऊन वायरी टोचत बसला. जिथे करंट तिथे दिवा लागतो.

मी म्हटलं, ऊन लागतंय, आत बसते.

डावीकडची माझी जागा. दार ओढून घेतलं. त्याला जो डावा हात, तो मला उजवा. स्टीअरिंगच्या खाली हात घातला. धूळ. एक जाड वायर. मग एक टिचभर बटण. लोखंडाचं, गार. इतकं झिजलेलं की त्याच्या अंगठ्याचा खळगा त्यात.

दाबलं.

पुढे बॉनेटमध्ये टक् वाजलं. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला. आणि जाळीतून वारा आला. आधी गरम, मग कोमट, मग — गार. आणि वास. सुकट आणि कापूर. मंगळवारी पनवेलच्या बाजाराला सुकट न्यायचा, गाडीला वास लागायचा, मी ओरडायचे, म्हणून जाळीच्या फटीत कापराच्या वड्या टाकून ठेवायचा. सुकट कापराला हरलं नाही आणि कापूर सुकटाला. तो वास अजून आत बसून होता. दोन उन्हाळे वाट बघत.

मी तोंड जाळीजवळ नेलं. तीन श्वास घेतले. मोजले, कारण तेवढेच परवडणारे होते.

“आजी!” सनी बाहेरून ओरडला. “आता काय हललं? कॉम्प्रेसर लागला!”

मी बटण परत पाडलं.

“मी कुठे काय? मी बसलेय.”

“गेला परत.” तो घामाघूम डोकं वर काढून उभा. “लूज कनेक्शन आहे कुठेतरी. आला आणि गेला.”

मी म्हटलं, येतो आणि जातो. तसंच असतं सनी.

पोरगा बिचारा आणखी तासभर ती लूज वायर शोधत होता. जाताना त्याला डब्यात वालाची भाजी दिली. पाप थोडं कमी झालं असेल.

३० एप्रिल, बुधवार

आज अक्षय्य तृतीया. सुचिताने जीपलापण हळदकुंकू लावलं, हार घातला. म्हणाली, “आई, जाईल तेव्हा जाईल, आहे तोवर आपली.”

हिला जरा तरी खाष्ट असायला काय झालं होतं?

४ मे, रविवार

स्वानंदचा फोन आला होता. दिपेशने खिडकीशी उभा राहून उत्तर दिलं, त्याच्या त्या ऑफिसच्या मराठीत. “एसी सध्या कार्यरत नाही. निदान सुरू आहे.” मी आत हसले. आपल्या घरात कोण असं बोलतं? हा मुलगा यार्डाच्या कागदांसारखा झालाय, शिक्का मारल्याशिवाय शब्द सुटत नाही.

स्वानंद शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. नाहीतर दुसरी बघणार.

शनिवार. सहा दिवस. मला फक्त तोंड बंद ठेवायचंय. एवढं सोपं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं, आणि एवढं जड.

७ मे, बुधवार

सुचिता पडली.

जासईच्या पुलापाशी. ट्रेलरने जवळून काढलं, हिने स्कूटी कडेला घेतली, कडेला खडी. कोपर सोललं, गुडघा सोलला. देवाची कृपा की मागून काही येत नव्हतं. चक्कर आल्यासारखं झालं होतं म्हणाली, उन्हाने. दुपारची एक वाजताची वेळ, हेल्मेटमध्ये डोकं उकडलेलं.

मी पलंगावर बसून तिचं कोपर धुतलं. ती रडली नाही. मी लावत होते आणि ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, “आई, मला तुमच्या जीपचं वाईट नाही हो वाटत. मला फक्त डोक्यावर पत्रा पाहिजे. चार बाजूंनी पत्रा. बास.”

माझ्या हातातला कापूस तिथेच थांबला.

मी कित्येक उन्हाळे गार वाऱ्यातून पनवेलला गेले. बाजूला बसून. माणूस डाव्या हाताने खोटा नमस्कार करायचा, म्हणून. आणि ही रोज ट्रेलरच्या चाकांच्या उंचीवर डोकं ठेवून जाते, आणि मी बटणावर बोट ठेवून गप्प बसलेय.

म्हातारा असता तर काय म्हणाला असता? सगळ्यांना गाडी दिली त्याने. एसी नाही दिला, पण गाडी दिली.

८ मे, गुरुवार

चारला खाली गेले. जाळीवर हात ठेवला नाही. त्या बटणावर ठेवला. दाबलं नाही. अंगठा खळग्यात बसतो का बघितलं. बसत नाही. माझा लहान आहे.

९ मे, शुक्रवार

उद्या सकाळी दिपेशला सांगते. बटण कुठे आहे, काय आहे, सगळं. स्वानंदच्या आईला तरी गार वारा लागू दे. गेली तर गेली.

१० मे, शनिवार

सांगायला खाली गेले. जीप चालू होती. काचा वर, बाहेरून धुकं धरलेल्या. दिपेश एकटाच, डोळे मिटून, जाळीपुढे तोंड.

मी काच वाजवली. त्याने बघितलं, दचकला नाही. वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं. “बस आय. दार लाव, गार जाईल.”

बसले. सुकट, कापूर.

“कधीपासून माहीत हाय तुला?”

“सनीला बोलवलं त्याच्या आदल्या दिवसापासून. बिघाड शोधायला आधी मीच गेलो होतो.” मग म्हणाला, “तू?”

“रिक्षापासून.”

त्याने ठरवूनच ठेवलं होतं. पार्किंग सुचिताला, म्हणाला, तिची गाडी सोमवारी येते. जीप जासईला, सनीच्या शेडमागे राहील. तुला रविवारी नेईन. मी म्हटलं, रोजची चार वाजताची जागा गेली म्हणजे माझी. म्हणाला, गेली.

तेवढ्यात स्वानंदचा फोन. दिपेशने घेतला, माझ्याकडे बघितलं. गार वारा दोघांच्या तोंडावर येत होता. आणि माझा शिक्का मारून बोलणारा मुलगा त्याला म्हणाला —

“एसी बिगरलाय रं. काय करू.”